आषाढ शुद्ध नवमीपावेतो

मे महिन्यात माहेरी गेलं की दुपारी जेवून आडवं व्हायचं, असा आमच्याकडे नियमच आहे. मला दुपारी झोप लागत नाही. आणि न झोपणारं माणूस घरात दिसलं की त्याला काम सांगितलं जातं, हाही नियमच. तशी मला पोटमाळ्यावर चढवली होती, फणसाची साटं घालायच्या जुन्या पराती शोधायला. पराती सापडल्या नाहीत. तार सापडली.

तार म्हणजे पत्रांची तार. ज्यांच्या घरात होती त्यांना वेगळं सांगायला नको. हातभर लांब, खाली लाकडाची गोल चकती, वर आकडा, आणि तो आकडा ओटीवरच्या खुंटीला. आलेलं पत्र वाचून झालं, शेजारच्यांना वाचून दाखवून झालं, की पोटात तार खुपसायची आणि खाली सरकवायचं. एवढीच आमची दप्तरव्यवस्था. वर नवं, तळाला जुनं. तळाचं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात, म्हणून तळाचं कोणी कधी काढत नाही.

मी काढलं. परातींचं आता कोणी विचारत नव्हतं. सगळं घर घोरत होतं.

वर लग्नपत्रिका, मग आत्याची निळी इनलँडं, मग वाघाच्या तोंडाची पंधरा पैशांची कार्डं. वाघ संपले, सिंह लागले. सिंह संपले तसा राजा आला. आणि अगदी तळाशी, चकतीला चिकटून, राणी. तांबूस तपकिरी रंगाचं कार्ड, कोपऱ्यात व्हिक्टोरियाबाईंचं मुंडकं, आणि मागच्या बाजूला मुंग्यांची रांग लागावी तशी मोडी. मला मोडीतलं फक्त ‘श्री’ ओळखता येतं. पण वर ‘श्री’ होतं, म्हणजे निदान वाईट बातमी नव्हती. आजीने आम्हाला एवढं शिकवलं होतं. कार्ड हातात आलं की आधी वर बघायचं. ‘श्री’ नसेल तर घरात आणायचं नाही, अंगणातच वाचायचं, फाडायचं आणि आंघोळीला पळायचं.

मोडी शिकलेली एक मैत्रीण आहे. तिला फोटो पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत पत्रं मांडीवर घेऊन माळ्यावर बसून राहिले. खालून कोणीतरी ‘सापडल्या का?’ असं झोपेत विचारल्यासारखं वाटलं. मी उत्तर दिलं नाही.

पत्राचं वेड मला आजीमुळे लागलं. तिला वाचता यायचं, पण लिहायचा कंटाळा. डोंबिवलीच्या आत्याला दर पंधरा दिवसांनी पत्र जायचं, ते ती मला सांगायची आणि मी लिहायची. जेवणं झाली, ओटीवर जरा वारं सुटलं की ती झोपाळ्यावर आणि मी खाली, मांडीवर पाट घेऊन. ‘वर श्री लिहिलास?’ ही सुरुवात. मग ‘चि. सौ. हिस अ. उ. आ.’, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. मग ‘वि. वि.’ ह्या ‘विनंती विशेष’नंतर काहीतरी विशेष येईल म्हणून मी पेन सरसावून बसायची, आणि यायचं ते ‘येथे सर्व क्षेम.’

एकदा ती न्हाणीघराच्या दारातल्या शेवाळावरून घसरली होती. उजवा हात गळ्यात. वैद्यांनी पाला बांधलेला, रात्रभर कण्हणं चाललेलं. तशा अवस्थेत तिने मला सांगितलं, ‘येथे सर्व क्षेम.’

मी पेन उचललं. म्हटलं, आजी, हे खोटं आहे.

‘पत्र पोचायला किती दिवस लागतात?’

‘चार.’

‘मग चार दिवसांत बरा होतोच की हात. ती वाचेल तेव्हा खरं असेल.’

हात बरा व्हायला दीड महिना लागला. मधे तीन पत्रं गेली आणि तिन्हींत सर्व क्षेम होतं. आत्याला कळलं ते गणपतीत, हात दोन बोटं वाकडा बसलेला बघून. ती आधी रडली आणि मग माझ्यावर ओरडली, कारण अक्षर माझं होतं.

तेव्हापासून मला पत्रातलं ‘क्षेम’ खुपतं. हा शब्द खोटा नाही, पण त्याला मुदत नाही. कधीचं क्षेम? लिहिताना होतं ते, की वाचताना असेल असं धरलेलं? त्या धसक्याने मी अजून मेसेजच्या वर तारीख घालते. भाचा न्यू जर्सीहून सांगतो, ‘आत्या, तारीख आपोआप येते.’ येऊ दे. मी माझी घालते.

आणि मैत्रिणीने कार्ड वाचून पाठवलं तेव्हा पहिलीच गोष्ट सापडली ती हीच. मायना तीर्थरूपांपासून सुरू होऊन ‘अपत्ये’ कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार करीत विनंती विशेषपर्यंत आला, आणि पुढे: ‘येथील क्षेम आषाढ शुद्ध ९ शके १८०३ पावेतो आपले आशीर्वादेंकरून यथास्थित असे.’

पावेतो!

मी ते तीनदा वाचलं. माणूस ‘आम्ही बरे आहोत’ म्हणत नाहीये. आम्ही नवमीपर्यंत बरे होतो म्हणतोय. दशमीचा भरवसा मी देत नाही, तुम्हीही धरू नका. पेशवाईतल्या पत्रांतही हे असतं, अमुक मितीपावेतो कुशल जाणून आपलं कुशल लिहीत जावं. शाळेत ते वाचताना मी त्याला नुसती भरताड समजायची. त्यात केवढा व्यवहार होता! औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तशी त्या लोकांनी ख्यालीखुशालीवर छापली होती. आजीपर्यंत येता येता मुदत तेवढी गळाली आणि क्षेम राहिलं.

शके १८०३ म्हणजे १८८१. पोस्टकार्ड आपल्याकडे आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. तेव्हा हे कार्ड नव्या नवलाईतलंच. लिहिणारे माझे खापरपणजोबा, वय विशीच्या आसपास, मुंबईत एका कापसाच्या पेढीवर कारकून. घरात त्यांच्याबद्दल एवढंच माहीत आहे. पैशात पत्र जातं म्हटल्यावर माणूस खूश होणारच. त्याआधीच्या लिफाफ्याची रड वेगळी होती. १८५४ च्या कायद्याने देशात कुठेही अर्ध्या आण्यात पत्र जायला लागलं. तोवर अंतरावर पैसे होते, त्यामानाने ही चैनच. पण अर्ध्या आण्यात बसायचं तर वजन पाव तोळ्याच्या आत हवं. पाव तोळा! सोन्याच्या भाषेत बोलायचं तर बायकांना लगेच कळेल, मंगळसूत्राच्या वाट्या घडवताना लागतं तेवढं. एवढ्यात पोराबाळांची दुखणी, भाऊबंदकी, गाईगुरं आणि पाऊसपाणी सगळं आलं पाहिजे. म्हणून कागद पातळ, अक्षर बारीक, आणि समासात आडवं, उभं, उलटं लिहिलेलं. तिकीट नाही लावलं तर घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली. ‘नॉटपेड’ हा शब्द आमच्या गावात इंग्रजी न येणाऱ्या बायकाही शिवीसारखा वापरायच्या. फुकट येऊन बसणाऱ्या पाहुण्याला ‘नॉटपेड आलंय’ म्हणायच्या.

कार्डावर तर जागा आणखी कमी. पुढच्या बाजूला पत्त्याशिवाय काही लिहायची तेव्हा परवानगी नव्हती. राहिली मागची बाजू, तळहाताएवढी. तिच्यात आमच्या खापरपणजोबांनी काय केलं? मोजल्या मी ओळी. एकूण तेरा. त्यातल्या आठ नमस्कारांत गेल्या. तीर्थरूप दादांना साष्टांग, मातोश्रींना साष्टांग, काका-काकूंना, धाकट्यांना आशीर्वाद, शेजारच्या भटजींना नमस्कार. मग तीन ओळी मजकूर: छत्री मोडली, नवी घेतली, सबब या महिन्यात रुपये दोन कमी येतील. पैसा खर्चून, राणीचं तोंड लावून माणूस एवढंच सांगतो की पैसे कमी येतील. मला हसू आलं. आमच्या घराण्यात अजून कोणी पगाराच्या आठवड्यात फोन केला की आई आधी ‘किती कमी पडले?’ असंच विचारते.

शेवटच्या दोन ओळींकडे येते, जरा थांबा. मधे थोडं भटकून घेते.

आषाढ म्हणजे आगबोटी बंद. किनाऱ्याची वाहतूक पाऊस लागला की थांबायची ती नारळी पौर्णिमेपर्यंत. आमचा राजापूर तालुका जैतापूरच्या बंदराकडे डोळे लावून बसणारा. एरवी मुंबईहून कार्ड बोटीत बसून येत असेल, पावसाळ्यात टपाल कोणाच्या तरी पायांवर यायचं. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी, आणि मधे दर दहा-बारा मैलांवर एक फुगलेली खाडी. कार्डावर दोन शिक्के आहेत. मुंबईचा ओळखू येतो. दुसरा भिजून पसरलाय, तारीख गेली. म्हणजे आषाढ शुद्ध नवमीचं क्षेम आमच्या ओटीवर नक्की किती शिळं होऊन पोचलं ते कळायला मार्ग नाही.

आणि तरी हे सुख म्हणायचं. त्याच्या चोवीस वर्षं आधी, १८५७ साली, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल हा हिशेब. ते नेमके बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि दोन-अडीच वर्षांनी गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांनी काय काय पाहिलं ते त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळे सगळ्यांना ठाऊक आहे. मला वरसईतल्या घराचं कुतूहल. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या घरात मुलाचं नाव कोणत्या काळात घेत असतील? ‘विष्णू असं म्हणतो’ की ‘विष्णू असं म्हणायचा’? ह्याला ‘पावेतो’सुद्धा नव्हतं.

पण टपालाची खरी थट्टा पाहायची तर आनंदीबाई जोश्यांच्या संसारात. गोपाळराव पोस्टात कारकून. म्हणजे जगाची पत्रं हाताखालून जाणारा माणूस. बदल्या होत होत अलिबाग, भूज, कलकत्ता असा फिरला. त्याने बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीत दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत ते मासिक चाळत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या नजरेस पडलं. दात दुखत नसता तर? असो. बाईंनी पत्र पाठवलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं, आणि न पाहिलेल्या त्या बाई पत्रापत्रांतून ‘मावशी’ झाल्या. ७ एप्रिल १८८३ ला अठरा वर्षांची आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याला मागे ठेवून बोटीत बसली ती जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. मावशी न्यायला आल्या होत्या.

त्यानंतर नवरा-बायकोचा संसार टपालावर. पत्र जायला महिन्यावर, उत्तर यायला महिन्यावर. गोपाळराव तिरसट, त्यांची काही पत्रं तिला फार लागली. मी विचार करते त्या भांडणाचा. ह्याने जानेवारीत रागावायचं, तिने फेब्रुवारीत रडायचं, तिची समजूत ह्याच्या हातात मार्चमध्ये पडायची, तोवर हा दुसऱ्याच गोष्टीवर रागावलेला. घरात एका खोलीत झालेलं भांडण रात्रीच्या भातापर्यंत निवतं. हे समुद्रावर तरंगत राहायचं. आणि तिच्या प्रकृतीचं तेच. थंडी, खोकला, अशक्तपणा. ‘आता बरी आहे’ हे वाक्य इकडे वाचलं जायचं तेव्हा तिकडे ती बरी असायचीच असं नाही.

११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. वर्षही पुरं झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. तिच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या जागेत त्या पुरलेल्या आहेत. पोस्टातल्या माणसाचं हे सगळ्यात लांबचं पाठवणं.

तर ते कार्ड.

आनंदीबाई बोटीत बसली त्याच्या दोनच वर्षं आधीचं, पण आमच्या घरातला जमाना शंभर वर्षं मागचा. विशीतला मुलगा बापाला पत्र लिहितो, त्यात बायकोचं नाव घ्यायची सोय नाही. बायकोला वेगळं पत्र लिहायची तर मुळीच नाही. ते बापाच्याच हातात पडणार, ओटीवर मोठ्याने वाचलं जाणार. आणि ती वाचू शकत होती असंही नाही. म्हणून सगळ्यांचे नमस्कार झाले, छत्री झाली, दोन रुपये झाले, ‘लोभ असों द्यावा’ झालं, आणि मग कार्ड आडवं धरून समासात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, दोन ओळी.

मैत्रिणीने त्या तशाच पाठवल्या: ‘कुटुंबाची प्रकृती … ऐकिलें. सुटका जाली किंवा कसें तें कृपा करून ल्याहावें.’

खाली तिने लिहिलं होतं, ‘कुटुंब म्हणजे बायको बरं का, फॅमिली नव्हे. बाळंतपणाचं विचारतोय.’

मी विचारलं, मधे टिंबं का? काय ऐकलं होतं?

‘तिथे भोक आहे,’ तिने लिहिलं. ‘तारेचं.’

मी कार्ड उन्हाच्या तिरिपीत धरलं. बरोबर तिथेच. ज्या कोणी वाचून झाल्यावर ते तारेला लावलं त्याने काही मुद्दाम नेम धरला नसणार. गंजाने भोक मोठं होत होत चांगलं वाटाण्याएवढं झालंय, कडेला तपकिरी वर्तुळ. ‘बरी असे’ बसेल एवढी जागा आहे. ‘बरी नसे’ही बसेल. भोकातून खालचं माजघर दिसत होतं, आणि माजघरात बसलेली आई.

मी घाईघाईने वरचं पत्र पाहिलं. तारेवरचं त्याच्यानंतरचं. ते शके १८११ चं, अक्षर वेगळंच, त्यात बांधावरच्या काजीच्या झाडाचं भांडण. मधली आठ वर्षं गेली कुठे कोण जाणे. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, तो खरं म्हणजे पहिल्या मिनिटाला पडायला हवा होता. उत्तर इथे असणारच नाही. उत्तर मुंबईला गेलं. ते तिथल्या कुठल्या तरी खोलीतल्या तारेला लागलं असेल, खोली सोडताना रद्दीत गेलं असेल. आपल्या घरातल्या तारेवर फक्त समोरच्याचं बोलणं असतं. आपण काय म्हणालो ते लोकांच्या घरी.

एक जागा उरली होती. देवघराच्या फडताळात वंशावळ आहे, आजोबांनी झाडाच्या आकारात काढलेली, हिरव्या शाईत. खाली उतरून ती काढली. खापरपणजोबांच्या फांदीवर दोन पानं. थोरल्याच्या नावापुढे कंसात ‘बाल्येच’, म्हणजे लहानपणीच गेला. धाकट्यापासून आम्ही. बायकांची नावं झाडावर नाहीतच. कोणाचीच नाहीत, माझंही नाही. म्हणजे ती सुटली का, सुटून थोरला झाला का, तो गेला तेव्हा ती होती का, धाकटा तिचाच की घर मोडायला नको म्हणून पुढच्याच मार्गशीर्षात आणलेल्या दुसरीचा, हे झाड काही बोलत नाही. त्या काळी महिना-दोन महिन्यांत बोहल्यावर उभं करीत.

मी माजघरात आले. कपाळाला जाळी, हाताला गंज. आई उठून आठळ्या सोलायला बसली होती. तिला सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं, भोक दाखवलं.

‘पराती?’ ती म्हणाली.

‘नाहीत. आई, बाळंत झाली असेल का गं ती?’

‘झालीच असेल की. नाहीतर तू कुठून आलीस?’

‘धाकट्यापासून आलो आपण. धाकटा दुसरीचा असेल तर?’

आईने कार्ड हातात घेतलं, चष्मा नसल्यामुळे लांब धरलं, राणीकडे बघितलं, उलटून मुंग्यांकडे बघितलं आणि मला परत दिलं.

‘मग दुसरीचे,’ ती म्हणाली, आणि पुढची आठळी उचलली.